परदेशची पदवी आणि येथली सनद



गिरगांवांत किंवा दादरला एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्यापाशीं क्षणभर थांबलांत, तर भिंतीवर पाट्यांची एक उतरंडच दृष्टीस पडते. वकील, दंतवैद्य, हिशेबतपासनीस, विमा-प्रतिनिधि, शिकवण्या घेणारे मास्तर. अलीकडे या मंडळींत एका नव्या पाटीची भर पडली आहे. नांवाआधीं ‘डॉक्टर’, नांवाखालीं ‘सायकॉलॉजिस्ट’, आणि त्याच्याहि खालीं परदेशांतल्या एखाद्या विद्यापीठाचें नांव. पाटी वाचणारा एक गृहस्थ मनाशीं म्हणतो, “परदेशांत शिकून आलेला दिसतो, चांगलाच असेल.” दुसरा म्हणतो, “परदेशची पदवी काय, पैसे टाकले कीं मिळते.” पहिल्यानें न तपासतां मान दिला, दुसऱ्यानें न तपासतां अपमान केला. या दोहोंच्या मध्यें तपासणीची एक सरळ वाट आहे, आणि तिच्याविषयींच आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे. मानसशास्त्राची डॉक्टरेट परदेशीं मिळवून आलेल्या माणसाला येथें रोगी तपासण्याची मुभा द्यावयाची झाल्यास ती कोणत्या कसोटीवर द्यावी, हा आजचा प्रश्न.

मी स्वतः मॅट्रिकपुढें गेलेला नाहीं. तेव्हां थोरल्या पदव्यांचें मोजमाप करण्याचा अधिकार मला कोणीं दिला, असें आपण विचाराल. उत्तर इतकेंच कीं, दुसरीकडच्या दाखल्यावरून मुलाची इयत्ता ठरविण्याचें काम शाळामास्तरच्या वांट्याला दर जूनमध्यें येतें. परप्रांतांतून एखादा मुलगा येतो. हातांत सहावी उत्तीर्ण झाल्याचा दाखला असतो. सही खरी, शिक्का खरा. तरीहि त्याला कोठें बसवावें हें त्या कागदावरून ठरत नाहीं. आमच्या सहावींत जे अपूर्णांक शिकवून झालेले असतात ते तेथें अजून यावयाचे असतात, आणि आमच्याकडे ज्याचें नांवहि निघालेलें नसतें तें बीजगणित तेथें सुरू झालेलें असतें. अशा वेळीं शहाणा शिक्षक दाखला नीट वाचून बाजूला ठेवतो, मुलाला जवळ बोलावतो आणि चार गणितें घालतो. मुलगा कोठून आला हें दाखला सांगतो. तो कोठवर आला आहे हें गणितांवरून कळतें. परदेशच्या डॉक्टरेटची गोष्ट याहून तत्त्वतः निराळी नाहीं. फरक एवढाच कीं, येथें चूक झाली तर तिचें फळ मुलाला नव्हे, तिसऱ्याच कोणाला तरी भोगावें लागतें.

तो तिसरा म्हणजे रोगी. हाड वांकडें बसलें तर क्ष-किरणांच्या चित्रांत दिसतें. भलतें औषध पोटांत गेलें तर अंगावर पुरळ तरी उठतो. परंतु ज्याचें हत्यार केवळ शब्द आहे त्याच्या हातून झालेली इजा कोणत्याहि चित्रांत उमटत नाहीं. परीक्षेच्या भीतीनें रात्र रात्र जागणाऱ्या मुलाला आळशी ठरविलें गेलें, किंवा मुळांत ऐकूं कमी येणाऱ्या मुलीवर मतिमंदतेचा शिक्का बसला, तर तो शिक्का पुढें वर्षानुवर्षें तिच्याबरोबर हिंडतो आणि ती चूक होती हें कदाचित् कोणाला कळतहि नाहीं. जेथें चूक स्वतः बोलत नाहीं, तेथें माणूस आधींच पारखून घ्यावा लागतो.

आतां, पारखावयाचें कोणाला हें आधीं स्पष्ट करूं. कारण आपल्या सुशिक्षित घरांतूनहि येथें मोठा घोटाळा आढळतो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर. तो औषध लिहून देऊं शकतो. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ, ज्याला इंग्रजींत ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणतात, तो औषध देत नाहीं; मुलाखत, बुद्धीच्या व स्वभावाच्या चांचण्या आणि पद्धतशीर संभाषण ही त्याची सामुग्री. समुपदेशक हा शाळेंतल्या, संसारांतल्या, नोकरींतल्या अडचणींत वाट दाखविणारा. पहिल्याच्या पाटीवरचा ‘डॉक्टर’ वैद्यकाचा असतो. दुसऱ्याच्या पाटीवरचा ‘डॉक्टर’ प्रबंध लिहून मिळविलेला असूं शकतो. दोन्ही शब्द सारखे दिसतात, दोन्ही सन्मानाचे आहेत. परंतु त्यांचा अर्थ एक नाहीं.

डॉक्टरेट निराळी आणि धंद्याची सनद निराळी, हें समजून घेण्यासाठीं मुंबईकराला दूर जावयास नको. परळच्या बी. आय. टी. चाळींत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षें राहत होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची पीएच. डी. आणि लंडनची डी. एससी. अशा अर्थशास्त्रांतल्या दोन सर्वश्रेष्ठ पदव्या त्यांनीं संपादन केल्या. एवढी विद्वत्ता त्या काळीं देशांत किती जणांपाशीं होती? परंतु १९२३ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत ते वकिली करूं लागले ते या पदव्यांच्या बळावर नव्हे. लंडनच्या ग्रेज इनची बॅरिस्टरी आणि येथली सनद यांच्या बळावर. त्यांत बाबासाहेबांच्या ज्ञानाचा अवमान झाला असें कोणीहि म्हणणार नाहीं. विद्यापीठानें विचारलें, “आपण नवीन काय शोधून काढलेंत?” न्यायालयानें विचारलें, “परक्या माणसाचा खटला आपल्या हातीं सोंपवितां येईल काय?” प्रश्न दोन, म्हणून उत्तरेंहि दोन लागलीं.

मानसशास्त्रांत तर खुद्द ‘डॉक्टर’ या एकाच शब्दाच्या पोटांत दोन तीन निरनिराळीं शिक्षणें दडलेलीं आहेत. अमेरिकेंत १९४९ सालीं कोलोरॅडो संस्थानांतील बोल्डर या गांवीं एक परिषद भरली आणि चिकित्सक मानसशास्त्रज्ञ हा संशोधकहि असावा व उपचारकहि असावा असा दंडक तीत ठरला. तेथली चिकित्सा-शाखेची पीएच. डी. या दंडकावर उभी आहे. पुढें कित्येकांना वाटूं लागलें कीं, रोग्यांत काम करणाऱ्याला एवढ्या संशोधनाची गरज नाहीं. म्हणून १९६८ सालीं इलिनॉय विद्यापीठानें ‘साय. डी.’ नांवाची उपचारप्रधान डॉक्टरेट सुरू केली आणि १९७३ च्या व्हेल येथील परिषदेनें तिला पाठिंबा दिला. ब्रिटनमध्यें तिसराच प्रकार. तेथें चिकित्सक मानसशास्त्रज्ञ होणारा रुग्णालयांतून प्रत्यक्ष काम करीत तीन वर्षांची स्वतंत्र व्यावसायिक डॉक्टरेट घेतो. तेथली साधी पीएच. डी. मात्र निव्वळ संशोधनाची असते. स्मरणशक्तीवर किंवा कबुतरांच्या शिकण्यावर उत्तम प्रबंध लिहून, एकाहि रोग्याचें तोंड न पाहतां ती मिळवितां येते. आतां हे सर्व पदवीधर मुंबईस परत आले, कीं त्यांच्या पाट्या अगदीं एकसारख्या!

ज्या देशांतून या पदव्या येतात ते देश तरी त्यांना काय मान देतात, हेंहि पाहण्याजोगें आहे. अमेरिकेंत मानसशास्त्रज्ञाचा परवाना प्रत्येक राज्य आपापला देतें. १९४५ सालीं कनेक्टिकटनें हा प्रघात प्रथम पाडला. विद्यापीठानें डॉक्टर केलें म्हणून कोणत्याहि राज्यांत दवाखाना थाटतां येत नाहीं. कॅलिफोर्नियाचेंच उदाहरण घ्या. तेथें डॉक्टरेटशिवाय जाणत्या परवानाधारकाच्या देखरेखीखालीं तीन हजार तास काम केल्याचा पुरावा लागतो आणि त्यावर परीक्षा द्यावी लागते. तीन हजार तास म्हणजे किती? आठवड्याला चाळीस तास धरले तर पंचाहत्तर आठवडे; जवळजवळ दीड वर्ष. ब्रिटनमध्यें २००९ पासून ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही संज्ञा कायद्यानें राखून ठेवली आहे. नोंदवहींत नांव असल्याशिवाय ती कोणालाहि लावतां येत नाहीं. जर्मनींत मानसोपचाराच्या अनुज्ञेसाठीं डॉक्टरेट लागतच नाहीं, आणि केवळ डॉक्टरेट असली म्हणून ती अनुज्ञा मिळतहि नाहीं. तात्पर्य, ज्या कागदावर त्याच्या स्वतःच्या देशांत दवाखाना उघडतां येत नाहीं, तो कागद येथें पुरेसा मानणें हें परदेशाविषयींचें आदरहि नव्हे, ज्ञानहि नव्हे.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आपल्या पदव्या परक्यांच्या तराजूंत पडल्या तेव्हां आपणांस काय वाटलें? ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलनें १९३० सालीं हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांना मान्यता देण्याचें नाकारलें. प्रसूतिशास्त्राचें प्रात्यक्षिक शिक्षण येथें अपुरें मिळतें, या आक्षेपावरून वाद कित्येक वर्षें चालला होता. देशांत संताप उसळला, आणि तो योग्यच होता. परंतु त्या संतापांतून विधायक कामहि निघालें. १९३३ सालीं हिंदुस्थानच्या वैद्यकीय परिषदेचा कायदा झाला आणि आपल्या पदव्यांची पारख करणारें आपलेंच मंडळ उभें राहिलें. त्याच्याहि आधीं, १९२६ मध्यें परळला के. ई. एम. रुग्णालय व गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें, तें अध्यापक सर्व हिंदी असावेत या हट्टानें. त्याचे पहिले अधिष्ठाते डॉक्टर जीवराज मेहता हे स्वतः लंडन विद्यापीठाचे एम. डी. होते. परदेशच्या विद्येला दार उघडें, पण पारख आपली. हा धडा परळनें तेव्हांच घालून दिला आहे.

तराजू आजहि दोन्ही दिशांनीं हलतो. बंगळूरच्या संस्थेंत १९५५ सालीं चिकित्सक मानसशास्त्राचा खास अभ्यासक्रम सुरू झाला, आणि त्याच धर्तीवर पुढें दोन वर्षांची एम. फिल. रूढ झाली. ती घेतलेली, रुग्णालयाच्या वॉर्डांत दोन वर्षें राबलेली आपली एखादी मुलगी लग्न होऊन अमेरिकेंत जाते. तेथल्या बहुतेक राज्यांत स्वतंत्र परवान्याला डॉक्टरेट लागते, आणि हिच्याजवळ ती नसते. येथें शेंकडों रोगी पाहिलेली ती तेथें पुन्हां विद्यार्थिनी होते. आणि तिकडची डॉक्टरेट घेऊन परत आलेली तिचीच मैत्रीण येथें येते तेव्हां तिला विचारलें जातें, “बाई, तुमची एम. फिल. कोठें आहे?” दोघीहि शिकलेल्या, आणि दोघींचाहि खोळंबा. कारण दोन्हीकडे पदवीचें नांव पाहिलें जातें. पदवीच्या आंत काय भरलें आहे हें उघडून पाहण्याला फुरसत थोडी.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो, तें आतां थोडक्यांत सांगतों. १९९२ च्या कायद्यानें भारतीय पुनर्वसन परिषद स्थापन झाली. ती मुख्यतः अपंगांच्या पुनर्वसनासाठीं; परंतु चिकित्सक मानसशास्त्रज्ञांची नोंदहि तिच्याच केंद्रीय नोंदवहींत होते. नोंद नसतां ते काम करणाराला एक वर्षपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्या कायद्यांत आहे. परदेशी पात्रतांना परस्पर-मान्यता देण्याविषयीं त्या त्या देशांशीं बोलणें करण्याची तरतूदहि त्यांत आहे. पुढें २०१७ च्या मानसिक आरोग्य-सेवा कायद्यानें चिकित्सक मानसशास्त्रज्ञ कोणास म्हणावें याची व्याख्याच करून टाकली: परिषदेनें मान्य केलेल्या संस्थेची मान्य पात्रता, किंवा मानसशास्त्रांतील पदव्युत्तर पदवीवर, देखरेखीखालील रुग्णसेवेसह पूर्ण केलेली दोन वर्षांची पूर्णवेळ एम. फिल. या व्याख्येंत ‘डॉक्टर’ हा शब्द नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. कायद्यानें प्रबंध मागितला नाहीं. देखरेखीखालीं केलेलें काम मागितलें. २०२१ च्या आणखी एका कायद्यानें इतर मानसशास्त्रज्ञांसाठीं निराळा राष्ट्रीय आयोग नेमला, आणि पुनर्वसन परिषदेच्या कक्षेंतला चिकित्सक मानसशास्त्रज्ञ त्यांतून वगळला.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. परदेशची पदवी येथल्या पदवीशीं समकक्ष आहे असा दाखला पुष्कळ वर्षें भारतीय विश्वविद्यालय संघ देत आला. २०२५ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें या कामासाठीं स्वतंत्र विनियम केले. परंतु समकक्षतेचा दाखला म्हणजे पुढील शिक्षणास किंवा अध्यापकाच्या जागेस उपयोगी पडणारा दाखला. ज्या विद्यांचें नियमन कायद्यानें स्थापन झालेल्या परिषदा करतात, त्या विद्या या विनियमांतून स्पष्टपणें बाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे समकक्षतेचें पत्र हातीं आलें कीं दवाखाना उघडावयास मोकळे झालों, असें समजणारे फसतात. महाविद्यालयाचा दरवाजा एक आणि रोग्याच्या खोलीचा दरवाजा दुसरा. एकाची किल्ली दुसऱ्यास लागत नाहीं.

त्यांत पुन्हां गंमत अशी कीं, मापाची कांठीहि स्थिर नाहीं. २०२२ च्या विनियमांनीं एम. फिल. ही पदवीच बंद करण्यांत आली, आणि चिकित्सक मानसशास्त्रापुरती तिला २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत मिळाली. मुलगा परदेशीं जातो तेव्हां एक नियम असतो, पांच वर्षांनीं परत येतो तेव्हां दुसरा असतो. दादरच्या एखाद्या कुटुंबानें राहतें घर गहाण टाकून मुलाला धाडलें असेल, तर या मधल्या बदलाचा हप्ता त्या घराला भरावा लागतो. नियम बदलूं नयेत असें मी म्हणत नाहीं. परंतु शिक्षण सुरू झालें त्या वेळचा नियम त्या विद्यार्थ्याला लागूं राहावा, एवढी मागणी न्यायाची आहे.

तर मग पारख करावी कशी? माझ्या अल्प मतीप्रमाणें देशाचें नांव, विद्यापीठाची कीर्ति आणि पदवीचा किताब या तीन गोष्टी शेवटीं पाहाव्यात. प्रथम हें पाहावें कीं, विद्यापीठाला त्याच्या स्वतःच्या देशांत रीतसर मान्यता आहे काय. कारण पदव्यांचीं दुकानें सर्व देशांत आहेत आणि तीं नांवें मोठीं भारदस्त घेतात. दुसरें, पायाचें शिक्षण मानसशास्त्राचें होतें कीं भलत्याच विषयाचें. तिसरें, मनोविकारांचें शास्त्र, चांचण्या, उपचारपद्धति, मेंदूचें कार्य व व्यवसायनीति हे विषय कोणत्या पुस्तकांतून, किती तास शिकविले. चवथें, आणि सर्वांत महत्त्वाचें, प्रत्यक्ष रोग्यांत किती तास काम केलें, कोणत्या प्रकारचे रोगी होते आणि शेजारीं बसून चुका दाखविणारा जाणता कोण होता. पांचवें, ज्या देशांत पदवी मिळाली तेथें त्या पदवीवर परवाना मिळूं शकला असता काय. या पांच प्रश्नांचीं उत्तरें नीट मिळालीं, तर प्रबंध कबुतरांवर लिहिला कीं माणसांवर, ही गोष्ट दुय्यम ठरते.

एवढ्यानेंहि मात्र पुरें होत नाहीं. सहावा प्रश्न आपल्या मुंबईचा आहे. तो म्हणजे भाषा.

लालबागची एखादी बाई रुग्णालयांत येते. तिला इंग्रजी प्रश्नावलीच्या भाषांतरांतून विचारलें, “तुम्हांला उदास वाटतें काय?” ती म्हणेल, “नाहीं.” कारण ‘उदास’ हा तिच्या बोलण्यांतला शब्दच नव्हे. ती म्हणते, “कशांत जीव लागत नाहीं. छातींत धडधडतें. डोक्याला मुंग्या येतात.” हें ज्याला कळलें त्यालाच तिचें दुखणें कळलें. ती सहज सांगून जाते कीं, नवरात्रांत तिच्या अंगांत येतें. ज्यानें हें पूर्वी कधीं ऐकलें नाहीं तो पुस्तकांतला सर्वांत भयंकर रोग तिच्या नांवावर लिहून मोकळा होईल. जाणता माणूस आधीं विचारील कीं, तें सणापुरतेंच येतें कीं रोज येतें, आणि त्यानंतर ती स्वयंपाकाला, कामाला लागते कीं नाहीं. परदेशीं शिकलेला उपचारक एखाद्याला सांगतो, “रोज रात्रीं अर्धा तास एकांतांत बसून मनांतले विचार वहींत उतरवा.” सल्ला शास्त्रशुद्ध आहे, पण दहा बाय बाराच्या खोलींत सात माणसें झोंपत असतां एकांत आणावयाचा कोठून? “आजोबा संपांत घरीं बसले ते बसलेच,” असें परळचा एखादा तरुण म्हणतो, तेव्हां १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप, घरीं बसलेले सुमारें अडीच लक्ष कामगार, आणि त्यानंतर त्या घरांतल्या स्त्रियांनीं पोळ्या लाटून चालविलेले संसार, हें सर्व त्या एका वाक्यांत असतें. कोणत्याहि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेंत या विषयाचे गुण नसतात.

मी हें परदेशच्या विद्येविरुद्ध सांगत नाहीं. परदेशची विद्या येथें मुरवावी कशी याचें उत्तम उदाहरण आपल्याच भाषेंत घडलेलें आहे. फ्रान्समध्यें आल्फ्रेद बिने यांनीं १९०५ सालीं मुलांच्या बुद्धिमापनाची चांचणी तयार केली. अमेरिकेंत स्टॅनफर्डला १९१६ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति निघाली. ती चांचणी भाषांतर करून तशीच वापरणें सोपें होतें. परंतु डॉक्टर व्ही. व्ही. कामत यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं ती मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांना प्रत्यक्ष घालून पाहिली, कोणता प्रश्न आपल्या मुलांना कोणत्या वयांत सुटतो तें पाहून प्रश्नांची मांडणी बदलली, आणि मग १९४० सालीं त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. बिने-कामत चांचणी हें नांव शाळांतून व रुग्णालयांतून सर्वतोमुखीं झालें तें यामुळें. त्याच सुमारास, १९३६ मध्यें, नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच पुढें टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. तिच्या पहिल्या संचालकांचें, डॉक्टर क्लिफर्ड मॅन्शार्ट यांचें, शिक्षण अमेरिकेंतलें. पण १९३७ सालीं तिनें मुलांसाठीं जें मार्गदर्शन-केंद्र उघडलें तें नागपाड्याच्या गल्ल्यांतल्या मुलांसाठीं. परदेशांतून पद्धत यावी आणि येथल्या मुलांपुढें बसून ती तपासली जावी, हा क्रम आपल्याकडे जुना आहे. पद्धतीला जो नियम आपण लावला तो पद्धत शिकून आलेल्या माणसालाहि लावावा, एवढेंच माझें म्हणणें.

म्हणून माझी सूचना अशी आहे. परदेशची डॉक्टरेट घेऊन येणाऱ्याला सरसकट ‘हो’ किंवा सरसकट ‘नाहीं’ असें उत्तर देऊं नये. ज्याच्या शिक्षणांत रोग्यांतलें काम पुरेसें आहे त्याला येथला कायदा, व्यवसायनीति आणि भाषा यांची परीक्षा घेऊन नोंदवहींत दाखल करावें. ज्याचें काम थोडें कमी भरतें त्याला परळच्या के. ई. एम. सारख्या सार्वजनिक रुग्णालयांत, नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाच्या हाताखालीं, सहा महिने किंवा वर्षभर काम करावयास लावावें, आणि तें नीट झालें कीं दार उघडावें. ज्याची पदवी केवळ संशोधनाची आहे त्याला स्पष्ट सांगावें कीं, आपण विद्वान आहांत, अध्यापन करा, संशोधन करा. रोगी पाहावयाचे असतील तर त्याचें शिक्षण निराळें घ्या. युरोपीय संघानें २००५ च्या आपल्या निर्देशांत सदस्य-देशांतल्या व्यावसायिकांसाठीं अशीच सोय केली आहे. शिक्षणांत मोठी तफावत दिसली तर कांहीं काळ देखरेखीखालीं काम किंवा पात्रतेची परीक्षा. हें जें तेथें दोन शेजारी देशांत जमतें तें येथें जमूं नये असें कांहीं नाहीं.

आणि निर्णय देणाऱ्यांवरहि कांहीं बंधनें असावींत. कसोट्या आगाऊ छापून प्रसिद्ध कराव्यात. अर्जाला ठराविक मुदतींत उत्तर द्यावें. नाकारावयाचें असेल तर काय कमी पडलें तें लेखी कळवावें, आणि त्यावर अपील असावें. विद्यार्थ्याला नापास करतांना कोणत्या विषयांत किती गुण कमी पडले हें आम्ही मास्तर लोक सांगतों. ज्यानें आयुष्याचीं आठ दहा वर्षें खर्चिलीं त्याला तेवढें तरी कळावयास हवें. कारणाशिवाय मिळालेला नकार माणसाला पाटी बदलावयास लावतो. तो ‘मानसशास्त्रज्ञ’ हा शब्द खोडून दुसरा एखादा मोघम शब्द लिहितो आणि नोंदवहीच्या बाहेर राहून तेंच काम करूं लागतो. मग ना त्याच्यावर देखरेख, ना रोग्याला दाद.

आतां घरोघरच्या मंडळींना दोन शब्द. आपला मुलगा किंवा मुलगी या विद्येसाठीं परदेशीं जाणार असेल, तर प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाला एकच प्रश्न लेखी विचारावा: “या पदवीवर आपल्या देशांत रोगी पाहण्याचा परवाना मिळतो काय?” उत्तर गुळमुळीत आलें तर तें नकार समजावें. शिकत असतां प्रत्येक विषयाची छापील रूपरेषा जपून ठेवावी, आणि रोग्यांत केलेल्या कामाच्या तासांवर देखरेख करणाराची सही त्या त्या महिन्यांतच घ्यावी. दहा वर्षांनीं ते गृहस्थ निवृत्त झालेले असतात, विभागाचें नांव बदललेलें असतें, आणि केलेलें काम कागदाअभावीं न केल्यासारखें होतें. आणि येथल्या इस्पितळांत आपली भाषा लागणार आहे, हें ध्यानांत ठेवून मुलांचें मराठी तुटूं देऊं नये.

घरांतल्या कोणाला उपचाराची गरज पडली, तर संकोच न धरतां जावें. मनाचें दुखणें हें दुखणेंच आहे. मात्र पाटीवरच्या विद्यापीठाचें नांव वाचून थांबूं नये. आपला नोंदणी-क्रमांक काय, असें नम्रपणें विचारावें. २०१७ च्या कायद्यानें राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडेहि अशा तज्ज्ञांची नोंद करून यादी प्रसिद्ध करण्याचें काम सोंपविलें आहे. ज्याची नोंद आहे तो क्रमांक आनंदानें सांगेल. सराफाला सोन्याचा कस विचारला तर तो रागावत नाहीं. मग मनासारखी वस्तु ज्याच्या हातीं द्यावयाची त्याला विचारण्यांत अमर्यादा कसली?

परदेशांतून विद्या घेऊन परत येणारीं आपलीं मुलें हें या शहराचें धन आहे. तीं येथें यावींत आणि लालबाग-परळच्या माणसांचें दुःख हलकें करण्याच्या कामीं लागावींत. त्यासाठीं त्यांना मिळणारी सनद कोणाच्या मेहेरबानीची नसावी आणि कोणाच्या डोळेझाकीचीहि नसावी. चार गणितें घालून, तीं सुटलेलीं पाहून दिलेली असावी. तसें झालें म्हणजे जिन्यापाशीं उभ्या असलेल्या त्या आईला वर जातांना दोनदां विचार करावा लागणार नाहीं.